कपाट एक, चिठ्ठ्या तीन: वाचनालयाच्या ॲक्सेस फाईलच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला आणि त्याच्या पाठोपाठ लाइट जायला लागली. सकाळी ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. "फाईल उघडत नाहीये, रिपेअर करू का म्हणून विचारतंय. हो म्हणू?" महिन्यातली ही तिसरी वेळ.

जाऊन पाहिलं. वाचनालयाची एकच ॲक्सेस फाईल (ॲक्सेस म्हणजे नोंदी ठेवायचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम) आहे, ४६ एमबीची, कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. काउंटर, दाखल विभाग आणि कार्यालय हे तिघेही शॉर्टकटवरून तीच फाईल उघडतात. फॉर्म, रिपोर्ट, कोड आणि नोंदी असतात ती टेबलं, सगळं एकाच पोटात. एकाचा कॉम्प्युटर लिहिता लिहिता बंद पडला की तिघांचं काम अडतं. फॉर्मवरचं एक बटण दोन मिलिमीटर सरकवायचं तरी तिघांना बाहेर काढावं लागतं.

ठरलं ते असं: फाईल दोन भागांत तोडायची. टेबलं मागे एका फाईलमध्ये, बाकी सगळं पुढच्या फाईलमध्ये आणि पुढच्या फाईलची प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. एसक्यूएल सर्व्हरवर, म्हणजे मोठ्या स्वतंत्र डेटाबेसवर, न्यावं का, असं कार्यवाहांनी विचारलं. त्यांच्या भाच्याने सुचवलंय. पुस्तकं साडेअठरा हजार, सभासद सहाशे आणि एका वेळी बसणारी माणसं तीन. त्यात मी पुण्याला गेलो की त्या सर्व्हरकडे बघणार कोण? नको म्हणालो.

८ जून, रविवार

आधी मूळ फाईलच्या दोन प्रती काढल्या, एक पेनड्राइव्हवर आणि एक घरच्या लॅपटॉपवर. मग काउंटरच्या कॉम्प्युटरवर डी ड्राइव्हमध्ये 'वाचन' नावाचं फोल्डर करून तिथे तालीम केली. 'डेटाबेस टूल्स' टॅबमध्ये 'मूव्ह डेटा' गटात 'ॲक्सेस डेटाबेस' असं बटण आहे. तेच फाईल तोडून देतं आणि मागच्या फाईलच्या नावापुढे 'बीई' जोडतं. तालीम नीट झाली म्हणून दुपारी कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर खरं काम केलं. १४ टेबलं मागे गेली, त्यांच्यातले नातेसंबंधही त्यांच्याबरोबर गेले.

मॅडम शेजारी बसून बघत होत्या. टेबलांच्या नावांच्या डावीकडे बारीक बाण आले तेव्हा म्हणाल्या, "टेबलं गेली कुठे?" म्हटलं, मागची फाईल म्हणजे आपलं कपाट. आता पुढे दिसतायत त्या नुसत्या चिठ्ठ्या, अमुक पुस्तक अमुक कपाटात आहे असं सांगणाऱ्या. त्यांना ते पटलं. मग त्यांच्यासमोरच एक चिठ्ठी डिलीट करून दाखवली. क्षणभर त्यांचा श्वास अडकला. मागची फाईल उघडून दाखवली, टेबल जागच्या जागी होतं. चिठ्ठी फाडल्याने पुस्तक जळत नाही. तेव्हापासून या प्रकल्पात मागच्या फाईलचं नाव कपाट आणि पुढच्या फाईलचं नाव काउंटर-फाईल. या नोंदींतही तेच वापरतो.

चिठ्ठ्यांत कपाटाचा पत्ता लिहिताना ड्राइव्हचं अक्षर टाळलं. काउंटरवर 'झेड' म्हणजे कार्यालयाचं फोल्डर, दाखल विभागात 'झेड' म्हणजे कुणाचातरी जुना पेनड्राइव्ह. म्हणून दोन उलट्या तिरप्या रेघा, कॉम्प्युटरचं नाव, फोल्डर, असा पूर्ण नेटवर्क पत्ता दिला. आयपी क्रमांकही दिला नाही, कारण लाइट गेली की राउटर नवे आकडे वाटतो.

फोल्डरवर तिघांनाही लिहायची आणि पुसायची परवानगी लागते. पहिला माणूस कपाट उघडतो तेव्हा शेजारी एक छोटी कुलूप-फाईल तयार होते आणि शेवटचा बाहेर पडला की ती पुसली जाते. फोल्डर नुसतं वाचण्यापुरतं दिलं तर ती तयारच होत नाही आणि मग एकत्र काम करणं जमत नाही. याचा अर्थ कुणीही ते कपाट उचलून फेकूही शकतो. ॲक्सेसमध्ये याला उपाय नाही, रोजची प्रत हाच उपाय.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. काउंटरवर गर्दी नव्हती म्हणून तिथे बसणाऱ्या ताईंनी निवांत तक्रार केली: सभासदाचा फॉर्म उघडायला आधी दोन सेकंद लागायचे, आता अकरा.

अकरा मी घड्याळ लावून मोजले. कारणं तीन निघाली. एक, कपाट प्रत्येक फॉर्मबरोबर उघडत होतं आणि बंद होत होतं, दर वेळी ती कुलूप-फाईल बनायची आणि पुसली जायची. आता काउंटर-फाईल सुरू होतानाच कपाटातल्या एका छोट्या टेबलावर एक रेकॉर्डसेट (कोडने उघडलेला नोंदींचा संच) उघडून ठेवतो आणि दिवसभर बंद करत नाही. एवढ्यानेच निम्मा वेळ वाचला. दोन, टेबलांच्या गुणधर्मांत 'सबडेटाशीट' (नोंदीखाली तिच्याशी जोडलेल्या नोंदी दाखवणं) आपोआप ठेवलेलं होतं, त्यामुळे ॲक्सेस नात्यातली टेबलंही शोधत बसायचं. कपाट उघडून चौदाही ठिकाणी ते 'नन' केलं. तीन, फॉर्म सगळे सभासद घेऊन उघडायचा. आता आधी क्रमांक विचारतो, मग तेवढाच उघडतो.

कार्यवाहांच्या भाच्याने ऐकवलं की ॲक्सेस नेटवर्कवरून अख्खं टेबल ओढतं. तसं नाही. पलीकडे हिशेब करणारा कुणी नसतो हे खरं, तिथे नुसती फाईल पडलेली असते आणि सगळं डोकं आपल्या कॉम्प्युटरचं चालतं. पण ज्या रकान्यावर शोधतो त्यावर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) असेल तर आधी इंडेक्सची पानं येतात आणि मग लागतील तेवढीच माहितीची पानं, चार-चार केबीची. इंडेक्स नसेल तर मात्र भाचा बरोबर. पुस्तकाच्या नावात मधला शब्द शोधायचा असेल तर इंडेक्सही कामाचा नाही, अख्खं टेबल चाळावंच लागतं. तो शोध हळूच चालणार, ताईंना तसं सांगितलं.

११ जून, बुधवार

दाखल विभागात पुस्तक परत घेताना 'इनव्हॅलिड ऑपरेशन', त्रुटी क्रमांक ३२१९. वीस वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये टेबल थेट उघडून, इंडेक्स लावून 'सीक' केलेलं आहे, म्हणजे इंडेक्सवरून थेट नोंद गाठलेली आहे. जोडलेल्या टेबलावर ते चालत नाही, टेबल स्वतःच्या फाईलमध्ये असेल तरच चालतं. ज्याने कोणी ते लिहिलं त्याची चूक नाही, तेव्हा फाईल एकच होती आणि 'सीक'सारखं वेगवान दुसरं काही नव्हतं. सात ठिकाणी सापडलं. दाखल क्रमांकाची अट घातलेली क्वेरी (टेबलाला विचारलेला प्रश्न) उघडते असं सगळीकडे केलं.

१५ जून, रविवार

पत्ता बदलण्याचा कोड लिहिला. कारण साधं आहे: काउंटर आणि दाखल विभागात पूर्ण ॲक्सेस नाही, फुकटचा रनटाइम (फाईल नुसती चालवणारा प्रोग्रॅम) आहे. रनटाइममध्ये टेबलांची यादी दिसत नाही, रिबन (वरची बटणांची पट्टी) नाही आणि त्यामुळे चिठ्ठ्यांचे पत्ते बदलणारा 'लिंक्ड टेबल मॅनेजर'ही नाही. कपाट हललं तर तिथे बसून काहीच करता येत नाही.

कोड चार ओळींचा वाटतो. सगळ्या टेबलांवरून फिरायचं, प्रत्येकाच्या 'कनेक्ट' गुणधर्मात नवा पत्ता लिहायचा आणि 'रिफ्रेशलिंक' म्हणायचं. पहिल्याच फेरीत अडखळलो. दिवाळी अंकांची यादी मॅडम एक्सेलमध्ये ठेवतात आणि तीही इथे जोडलेली आहे. माझ्या कोडने तिलाही कपाटाचा पत्ता दिला आणि कपाटात त्या नावाचं टेबल नाही म्हणून त्रुटी आली. आता नियम असा: 'कनेक्ट' रिकामा असेल तर टेबल इथलंच आहे, सोडा. 'एक्सेल'ने सुरू होत असेल तरी सोडा. अर्धविरामाने सुरू होऊन पुढे 'डेटाबेस' हा शब्द आणि बरोबरचं चिन्ह असेल तेवढंच आपलं.

(जाता जाता: जोडलेल्या एक्सेलमध्ये ॲक्सेसमधून दुरुस्ती करता यायची, हे मॅडमना आठवतं. त्यांचं बरोबर आहे. कार्लोस अमाडो नावाच्या ग्वाटेमालाच्या संशोधकाने मायक्रोसॉफ्टवर पेटंटचा दावा लावला, २००५ साली अमेरिकेतल्या ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या अपडेटमध्ये ती सोय काढून टाकली गेली. आमच्याकडे ती यादी आजही इथून फक्त वाचता येते.)

दुसरी गोम: एका जुन्या क्वेरीत कपाटाचा पत्ता क्वेरीच्या आतच लिहिलेला सापडला, 'इन' म्हणून. हा पत्ता 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मध्ये दिसत नाही, माझ्या कोडलाही दिसत नाही. सगळ्या क्वेऱ्यांचा मजकूर शोधून तो काढला.

सुरुवातीला अशी तपासणी ठेवली: काउंटर-फाईल उघडली की एक जोडलेलं टेबल उघडून बघायचं. उघडलं तर काही बोलायचं नाही. नाही उघडलं तरच पत्ता विचारायचा. छान वाटलं.

१९ जून, गुरुवार

दुपारी दीड ते दोन काउंटर बंद पडतं, रोज. 'फाईल सापडत नाही.' तीन दिवस राउटर, केबल, स्विच सगळं तपासलं. कार्यालयातला कॉम्प्युटर जेवणाच्या सुट्टीत झोपी जातो! मॅडम डबा खायला उठल्या की वीस मिनिटांत कपाटाला कुलूप. स्लीप बंद केलं.

२२ जून, रविवार

घरून नवी काउंटर-फाईल आणली, वर्गणीची पावती आता मराठीत छापते. तिन्ही कॉम्प्युटरवर टाकली. कार्यालयात आणि दाखल विभागात पहिल्यांदा उघडताना पत्ता विचारला, दिला. काउंटरवर विचारलाच नाही, सरळ उघडली. लाइट जायच्या आत काम उरकलं म्हणून खूश होऊन घरी आलो. उद्या सोमवार, वाचनालय बंद.

२७ जून, शुक्रवार

संध्याकाळी मॅडमचा फोन. आवाज शांत होता, तो जास्त लागला. "काउंटरच्या पेटीत वर्गणीचे दोन हजार दीडशे रुपये आहेत. माझ्या रिपोर्टमध्ये मंगळवारपासून शून्य आहे."

तसाच पावसात गेलो. काउंटरवर बसून एका टेबलाचा 'कनेक्ट' वाचला. डी ड्राइव्ह, 'वाचन' फोल्डर.

तालमीचं कपाट. आठ तारखेला मी ते काउंटरच्या डी ड्राइव्हमध्ये केलं आणि पुसायला विसरलो. घरच्या लॅपटॉपवरही मी सवयीने डी ड्राइव्हमध्ये 'वाचन' असंच फोल्डर केलेलं. घरून आणलेल्या काउंटर-फाईलमध्ये तोच पत्ता होता. इतर दोन कॉम्प्युटरवर तो लागला नाही म्हणून पत्ता विचारला गेला. काउंटरवर मात्र त्या पत्त्यावर खरोखरच एक कपाट होतं, आठ जूनच्या सकाळचं. माझ्या तपासणीने दार ठोठावलं, दार उघडलं, ती गप्प बसली. घर कुणाचं ते विचारायचं मी तिला शिकवलंच नव्हतं.

चिठ्ठी फाटलेली असती तर मंगळवारी सकाळी दहाला फोन आला असता. इथे साडेतीन दिवस सगळं सुरळीत चाललं.

ताईंना विचारलं, काही वेगळं जाणवलं नाही का? त्या म्हणाल्या, "जाणवलं की. लोक पुस्तक परत आणतायत आणि हा म्हणतो, पुस्तक बाहेर गेलंच नाही. मला वाटलं तुमचं काहीतरी चालू असेल." आणि ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढली. जे जे पुस्तक पडद्याला मान्य नव्हतं ते त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं: दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, तारीख. एकतीस ओळी, एकही खाडाखोड नाही.

रात्री दोन्ही कपाटांच्या प्रती काढून पेनड्राइव्ह खिशात घालूनच झोपलो.

२८ जून, शनिवार

रजा टाकली. मॅडमनी काउंटरवर पाटी लावली, 'आज फक्त वाचन कक्ष सुरू'. गेल्या दहा वर्षांत देवघेव बंद राहिल्याचं त्यांना आठवत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

एक कोरी ॲक्सेस फाईल घेतली आणि तिच्यात दोन्ही कपाटांची टेबलं जोडली. एकाच नावाचं दुसरं टेबल जोडलं की ॲक्सेस नावापुढे १ लावतं, 'देवघेव' आणि 'देवघेव१'. कुठलं खरं आणि कुठलं तालमीचं, हे दर पाच मिनिटांनी विसरायला होतं. म्हणून चिठ्ठ्यांची नावं बदलली, 'खरं_देवघेव' आणि 'चुकीचं_देवघेव'. चिठ्ठीचं नाव बदललं तरी कपाटातलं नाव तेच राहतं, ही सोय आज कामी आली.

मग नुसतं मोजलं, काही बदललं नाही. चुकीच्या कपाटात २४ तारखेपासून १४३ पुस्तकं दिल्याच्या नोंदी, ९४ परत घेतल्याच्या, १९ पावत्या, दोन नवे सभासद.

दोन नव्या सभासदांना जे क्रमांक मिळाले तेच क्रमांक खऱ्या कपाटात आधीच दुसऱ्या दोघांना गेलेले. पावत्यांचंही तेच. पावती क्रमांक म्हणजे टेबलातल्या सर्वांत मोठ्या आकड्यात एक मिळवायचा, असा तो जुना कोड. चुकीचं कपाट आठ तारखेवर थांबलेलं, म्हणून त्याने पुन्हा तेच आकडे वाटले. आणि पावत्या छापून लोकांच्या हातात गेलेल्या आहेत.

२९ जून, रविवार

दिवसभर जोडकाम. कुणाला कधी हे करावं लागलं तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

दिलेली १४३ पुस्तकं सर्वांत सोपी. त्या ओळी चुकीच्यातून उचलून खऱ्यात घालायच्या, पण ऑटोनंबरचा रकाना (ॲक्सेस आपोआप आकडा देतो तो) वगळून. तो आकडा दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदींना मिळालेला आहे. खरं कपाट स्वतःचा नवा आकडा देईल. घालण्यापूर्वी एक तपासणी: यातलं एखादं पुस्तक त्याच दिवसांत कार्यालयातूनही दिल्याची नोंद आहे का? दोन निघाली. दोन्ही वेळा कार्यालयात मॅडमनी स्वतः दिलेली आणि त्यांना माणसं आठवत होती. काउंटरवर दाखल क्रमांक टाइप करताना आकडे उलटे पडलेले. दुरुस्त केले.

परत घेतलेल्या ९४ इथे खरा गुंता. परत घेणं म्हणजे नवी ओळ नाही, जुन्या ओळीत 'परत दिनांक' भरणं. ज्या ओळी आठ जूनपूर्वीच्या आहेत त्या दोन्ही कपाटांत त्याच आकड्याने आहेत, म्हणून आकडा जुळवून तारीख इकडून तिकडे न्यायची. मी अपडेट क्वेरी लिहिलीसुद्धा. चालवायच्या आधी सवयीने तीच निवड क्वेरी म्हणून उघडली, ओळी डोळ्यांनी पाहिल्या, आणि हात आखडला. नऊ ओळींत खऱ्या कपाटात 'परत दिनांक' आधीच भरलेला होता.

विचार केल्यावर उलगडलं. समजा एक पुस्तक मे अखेरीस एका सभासदाकडे गेलं. १२ जूनला परत आलं आणि १४ जूनला दुसऱ्याकडे गेलं. खऱ्या कपाटाला हे सगळं माहीत आहे. चुकीच्या कपाटाच्या मते ते अजून पहिल्याकडेच आहे. २५ तारखेला दुसरा सभासद ते परत घेऊन आला, ताईंनी दाखल क्रमांक टाइप केला, पडद्याने पहिल्या सभासदाची उघडी नोंद बंद केली. म्हणजे त्या नऊ नोंदी चुकीच्या माणसाच्या नावावर परत झाल्या. मी ती क्वेरी सरळ चालवली असती तर पहिल्याच्या परतीच्या तारखा बिघडल्या असत्या आणि दुसऱ्याच्या नावावर पुस्तक लटकत राहिलं असतं, पुढे कधीतरी दंड लागेपर्यंत.

म्हणून अट घातली: खऱ्यात 'परत दिनांक' रिकामा असेल तरच भरा. ८५ ओळी. उरलेल्या नऊ हाताने, त्याच दाखल क्रमांकाची सर्वांत अलीकडची उघडी नोंद शोधून. मग वहीतल्या एकतीस, त्याही हाताने. ताई वाचत होत्या, मी टाइप करत होतो आणि मॅडम कपाटाशी (लाकडी, खऱ्याखुऱ्या) उभ्या राहून पुस्तक जागेवर आहे का ते बघत होत्या. एकतीसपैकी तीस जागेवर होती. एकतिसावं ताईंच्याच पिशवीत, त्या वाचत होत्या.

प्रत्येक क्वेरी चालवताना एक ओळ जरी अडली तरी सगळं मागे फिरेल अशी सूचना कोडमध्ये दिली. नाहीतर ॲक्सेस जमतील तेवढ्या ओळी घालून उरलेल्या गुपचूप सोडून देतो.

पावत्यांचा प्रश्न कॉम्प्युटरचा नव्हता. परिरक्षण अनुदानासाठी हिशेब तपासला जातो, तिथे एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या दिसल्या तर प्रश्न विचारला जाणारच. खजिनदार काका म्हणाले, खोडायचं काही नाही. १९ पावत्यांना टेबलात '/क' जोडलं, स्थळप्रतीवर लाल शाईने तेच लिहिलं, आणि काय झालं त्याचं एक पानी टिपण माझ्या, मॅडमच्या आणि त्यांच्या सहीने फाईलला लावलं. टिपणात 'तांत्रिक कारणास्तव' असं मी लिहिलं होतं. काकांनी ते खोडून 'जुनी प्रत पुसावयाची राहिल्यामुळे' असं लिहिलं.

२ जुलै, बुधवार

कपाटात एक नवं टेबल केलं, 'ओळख'. एकच ओळ: हे कपाट खरं की चाचणीचं आणि त्याची आवृत्ती. काउंटर-फाईल सुरू होताना आता तीन गोष्टी होतात. पत्ता काउंटर-फाईलमधल्या स्वतःच्या छोट्या टेबलातून वाचते. आधीची चिठ्ठी चालत असो वा नसो, चौदाही चिठ्ठ्या नव्याने लिहिते. मग 'ओळख' वाचते. खरं नसेल तर मुख्य फॉर्म तांबडा होतो आणि पावती छापण्याचं बटण बंद. तळाला कपाटाचा पूर्ण पत्ता कायम दिसतो. ताईंना सांगितलंय, हा पत्ता बदललेला दिसला तर वहीत लिहू नका, फोन करा.

दर वेळी चौदा चिठ्ठ्या लिहिणं आधी संथ होतं, प्रत्येकीला कपाट नव्याने उघडायला लागायचं. आधी कपाट एकदा उघडून धरलं आणि मग लिहिल्या तर दोन सेकंदांत होतं.

आणि घरच्या कपाटाचं नावच बदललं. आता घरी आहे 'चाचणी_कपाट'. त्या नावाची फाईल वाचनालयात कुठेच नाही. वरचा सगळा कोड लिहिण्यापूर्वी हे एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

६ जुलै, रविवार

आषाढी. वाचनालय बंद. घरी बसून रनटाइमची तपासणी. फाईलच्या नावातलं शेवटचं अक्षर बदलून 'एसीसीडीआर' केलं की पूर्ण ॲक्सेसही रनटाइमसारखं वागतं, काउंटरपर्यंत जावं लागत नाही. एक महत्त्वाचं: रनटाइममध्ये न पकडलेली त्रुटी आली की निरोप दाखवून अख्खा प्रोग्रॅम बंद होतो. म्हणून पत्ता बदलण्याच्या कोडमध्ये प्रत्येक ठिकाणी त्रुटी पकडली. उपवासाची साबुदाणा खिचडी खात हे काम बरं झालं.

११ जुलै, शुक्रवार

काउंटर बंद. या वेळी फोन लगेच आला, दहा वाजून चार मिनिटांनी. शिपाई काकांनी कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर 'आवराआवर' केली आणि शेअर केलेल्या फोल्डरच्या आतल्या फोल्डरला छान मराठी नाव दिलं. नाव वाईट नाही, 'ग्रंथालय हिशोब'. पण कोडला ते दिसेना. टेबलात पत्ता देवनागरीत व्यवस्थित साठतो, फॉर्मवर दिसतो, आणि फाईल आहे का हे बघणारं व्हीबीएचं (ॲक्सेसमध्ये कोड लिहायच्या भाषेचं) 'डिर' म्हणतं की नाही. 'डिर' युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारी पद्धत) जाणत नाही, प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह करतं. 'फाईलसिस्टिमऑब्जेक्ट' वापरलं तर तोच पत्ता सापडतो.

व्हीबीएच्या खिडकीत मराठी लिहिता येत नाही हा जुनाच त्रास. रशियन माणूस विंडोजची भाषा बदलून आपली लिपी तिथे आणू शकतो. देवनागरीला तसं जुनं कोडपानच (विंडोजचा त्या लिपीच्या अक्षरांचा तक्ता) नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद. 'अ' हवा तर २३०९ हा आकडा द्यायचा! म्हणून सगळे मराठी निरोप मी एका टेबलात ठेवलेत आणि कोड फक्त निरोपाचा क्रमांक सांगतो. कोड दुरुस्त केला, तरीही फोल्डरचं नाव परत रोमन अक्षरांत आणलं. काकांना वाईट वाटलं. डेस्कटॉपवर शॉर्टकटला त्यांचं नाव ठेवलं.

२० जुलै, रविवार

पुस्तकांच्या टेबलात 'देणगीदार' रकाना हवा होता. काउंटर-फाईलमधून करायला गेलं की ॲक्सेस सांगतं, हे जोडलेलं टेबल आहे, रचना बदलता येणार नाही. तिघांना बाहेर काढून कपाट थेट उघडलं, रकाना घातला, 'ओळख'मधली आवृत्ती एकने वाढवली. काउंटर-फाईलची आवृत्ती जुळली नाही तर ती कार्यालयातून नवी प्रत स्वतः उचलते.

मुखपृष्ठांचे फोटो वेगळ्या कपाटात ठेवायचा विचार सोडला. दोन कपाटांमधल्या टेबलांत नातं दाखवता येतं, पण पाळायला लावता येत नाही. पुस्तक पुसलं तर फोटो अनाथ. फोटो साध्या फाईली म्हणून फोल्डरमध्ये, टेबलात नुसतं नाव.

अध्यक्षांनी कपाट ऑनलाइन फोल्डरमध्ये ठेवायला सांगितलंय, म्हणजे त्यांना मुंबईहून बघता येईल. तसं केलं तर दोघांनी एकाच वेळी लिहिलं की दोन प्रती होतात आणि कुठली खरी ते तो फोल्डर ठरवतो. त्यांना २९ जूनची नोंद वाचायला दिली. रोज रात्री एक पीडीएफ रिपोर्ट पाठवतो, त्यावर ते राजी झाले.

२७ जुलै, रविवार

संध्याकाळी सातला सगळे गेल्यावर कुलूप-फाईल नाही याची खात्री केली, प्रत काढली आणि कपाट कॉम्पॅक्ट केलं, म्हणजे आतली रिकामी जागा काढून टाकली. ४६ एमबीचं ३१ झालं.

काउंटरच्या डी ड्राइव्हवरचं तालमीचं कपाट अजून पुसलेलं नाही. खजिनदार काका म्हणतात, तपासणी होईपर्यंत राहू दे. नाव बदललंय, फोल्डर झिप करून पासवर्ड घातलाय आणि प्रतींचा पेनड्राइव्ह मॅडमच्या लाकडी कपाटात, वरच्या खणात, ताईंच्या त्या वहीशेजारी ठेवलाय.